सारंग : राग, हरीण की होडीचा कप्तान? नक्की शब्द तरी किती?

दुपारी_झोपणारा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्हाला मुलगा झालाय, बारसं पुढच्या रविवारी. बायकोने 'सारंग' हे नाव तिसऱ्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं, कारण सासूबाई गायच्या आणि दुपारी स्वयंपाकघर आवरलं की त्या बिंद्राबनी सारंग गुणगुणत बसायच्या म्हणे. मला नाव आवडलं, विषय संपला असं वाटलं होतं. पण परवा देवगडहून आजोबा आले (आईचे वडील, वय ८६, ऐकू कमी येतं पण नको ते बरोब्बर येतं) आणि नाव ऐकून म्हणाले, "अरे तां आडनाव आसा, तां पोराक कित्या ठेवतस?" त्यांच्या लेखी सारंग म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस, त्यांच्या लहानपणी शेजारच्या वाडीत दोन घरं सारंगांची होती. त्यावर माझी चुलत बहीण, जी दिवसरात्र कोरियन मालिका बघते, ती म्हणाली की कोरियन भाषेत सारंग म्हणजे प्रेम. मग सासरे म्हणाले सारंग म्हणजे हरीण. मेव्हणा म्हणाला मोर, एअरफोर्सच्या हेलिकॉप्टरवर असतो तो. एवढं होईस्तोवर बाळ उठलं.

तर विचारायचं असं की हा एकच शब्द आहे का, की नुसते कानाला सारखे लागणारे वेगवेगळे शब्द आहेत? आणि रागाला हे नाव कशावरून? गुगलवर बाळांच्या नावांच्या साइट बघितल्या, प्रत्येकीवर वेगळा अर्थ, एकीवर तर 'वेगळा अर्थ असलेला' असाच अर्थ दिलाय.

---

मधमाद

आधी अभिनंदन! रागापुरतं मी सांगतो, बाकीचं कोशवाले बघतील.

पहिली गोष्ट म्हणजे सारंग हा एक राग नाही, ते सगळं घराणंच आहे, म्हणजे आपण 'सारंग गायला' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बिंद्राबनी म्हणायचं असतं पण पाठीमागे मधमाद, शुद्ध सारंग, मियाँ की सारंग, सामंत सारंग, वडहंस, लंकादहन अशी रांग उभी असते. बिंद्राबनीत ग आणि ध नाहीतच, सा रे म प आणि नी, चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल. मधमादात कोमलच नी. शुद्ध सारंगात दोन्ही मध्यम (म) येतात, तो तीव्र मध्यम आला की उन्हात अचानक सावलीचा तुकडा पडल्यासारखं होतं (हे माझं मत, शास्त्रात शोधू नका). आणि गौड सारंग हा नावापुरता सारंग, त्यात ग पण आहे ध पण आहे, चाल वाकडी, थाट कल्याण, म्हणून जुने लोक त्याला 'दिन का बिहाग' म्हणतात. तेव्हा एका नावाखाली वेगवेगळं रक्त ही भानगड संगीतातही आहेच.

वेळ भर दुपारची. तुमच्या सासूबाई बरोब्बर वेळेला गायच्या.

आता गंमत बघा, मधमादाचे स्वर सा रे म प कोमल नी, आणि मेघ रागाचेही तेच. पेटीवर वाजवून दाखवला तर दोघांत फरक दाखवता येणार नाही. पण गायला लागलात की मेघात रिषभ (रे) मध्यमाला चिकटून हलतो, गमक येते, मंद्रात खाली उतरून गडगडाट होतो, आणि सारंगात तोच रिषभ सरळ, उजेडात उभा. दक्षिणेत मध्यमावती म्हणून जो आहे त्याचेही हेच पाच स्वर, आणि तिकडे तो मंगल मानतात, कचेरीच्या (म्हणजे मैफिलीच्या) शेवटी गातात. स्वर तेच, आपल्याकडे एकदा ऊन, एकदा पाऊस, तिकडे मंगलाष्टकासारखा शेवट.

सारंगीबद्दल कोणीतरी 'सौ रंगी' म्हणून सांगायला येईलच, शंभर रंगांची म्हणून सारंगी. ऐकायला गोड आहे पण ती मागाहून जुळवलेली गोष्ट वाटते. वाद्य मात्र अफाट, तीन आतड्याच्या तारा आणि खाली तीसेक तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा), आणि तार बोटाने दाबायची नाही, नखाच्या मुळाशी कातडीला टेकवून घासायची. वादकांची बोटं कधी जवळून बघा. पंडित रामनारायण २०२४ मध्ये गेले, त्यांच्या आधी सारंगी म्हणजे गाणाऱ्याच्या मागे बसायचं वाद्य, त्यांनी ते पुढे आणून बसवलं.

---

खाडीपलीकडे

तुमच्या आजोबांना माझा दंडवत. ते शंभर टक्के बरोबर आहेत आणि त्यांचा सारंग वरच्या सारंगाचा कोणीच लागत नाही.

हा शब्द फारसी, 'सरहंग'. सर म्हणजे डोकं, प्रमुख, तेच सरदार-सरनोबत मधलं. इराणच्या सैन्यात आजही कर्नलला सरहंग म्हणतात. समुद्रावर आला तसा ह गळला आणि सारंग/सरंग झाला, इंग्रजांनी त्याचं सेरांग केलं. वाफेच्या बोटींच्या काळात मुंबईतून सुटणाऱ्या बोटींवर डेकचे खलाशी खूपसे रत्नागिरी पट्ट्यातले असायचे, आणि त्यांचा म्होरक्या म्हणजे सारंग. नुसता हुकूम द्यायचा नाही, माणसं जमवायचाही तोच, म्हणजे आपल्याच गावचे, भाऊबंद, मेहुणे. साहेब सारंगाशी बोलायचा, सारंग पोरांशी. त्यामुळे गावात त्याचा वट काय असेल बघा, नोकरी हवी तर त्याच्या ओटीवर जाऊन बसायचं. आणि पगारातला काही हिस्सा त्याच्या खिशात जायचा हेही खरं, उगाच देव करायला नको.

त्याच्या हाताखाली टंडेल. सुकाणू धरणारा सुकाणी. आता हे सगळे शब्द बघा, सुकाणू अरबी, खलाशी अरबी, नाखवा फारसी नाखुदावरून, सारंग फारसी, टंडेल दक्षिणेकडून आलेला. अख्खी बोट बाहेरच्या शब्दांनी भरलीय आणि आपल्याला ती शुद्ध कोकणी वाटते. समुद्रावर कोण कुठला विचारतो.

आणि हे मेलेलं नाही हां. भाऊच्या धक्क्यावर लाँच चालवणाऱ्याला आजही सारंग म्हणतात, परीक्षा असते त्याची, सर्टिफिकेट मिळतं. माझ्या एका काकांनी ती परीक्षा दोनदा दिली, पहिल्यांदा दिव्यांच्या रंगात गडबड केली, लाल डावीकडे की उजवीकडे (डावीकडे!), मग वर्षभर घरात कोणी लाल दिवा म्हटलं तरी भडकायचे.

इतिहासात हवं असेल तर दर्यासारंग. महाराजांच्या आरमाराचे दोन सुभे होते, सभासदाने बखरीत लिहून ठेवलंय, एकावर दर्यासारंग, मुसलमान, आणि दुसऱ्यावर मायनाक भंडारी. दर्या फारसी, सारंग फारसी. हे जेवढं पदवीचं नाव तेवढंच माणसाचं झालं, मूळ नाव मागे पडलं. मायनाकाचं नाव लोकांना खांदेरीमुळे माहिती असतं, १६७९ ला इंग्रज आणि सिद्दी दोघांना अंगावर घेऊन बेट राखलं ते. दर्यासारंगाचं नाव मात्र आता हॉटेलच्या पाटीवर जास्त दिसतं.

---

शब्दवेडी

हरीण म्हणणारे तुमचे सासरेही बरोबर आणि मोर म्हणणारा मेव्हणाही. संस्कृत 'सारङ्ग' हे मुळात विशेषण आहे, अर्थ ठिपक्याठिपक्यांचा, कबरा, चित्रविचित्र रंगांचा. म्हणजे आधी रंग, मग ज्याच्या अंगावर तो रंग त्याला तेच नाव. अमरकोशात सारंग म्हणजे चातक, हरीण, आणि 'शबल' म्हणजे कबरा, एवढंच आहे. पुढच्या कोशकारांनी त्यात भुंगा घातला, हत्ती घातला, मग हळूहळू मोर, ढग, साप, सिंह, कमळ, दिवा, काय वाटेल ते. गोदाम झालं त्याचं.

पण हे गोदाम कसं कामाला येतं ते मेघदूतात बघा, मला हे इतकं आवडतं की विषय निघाला की मी थांबत नाही. यक्ष मेघाला सांगतो की तू पाणी शिंपडत जाशील तेव्हा 'सारङ्गास्ते जललवमुचः सूचयिष्यन्ति मार्गम्', सारंग तुझी वाट दाखवतील. आता कोणते सारंग? टीकाकार मल्लिनाथ म्हणतो हत्ती, हरणं किंवा भुंगे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की टीकाकाराला ठरवता येत नाहीये. पण वरच्या ओळी वाचा: अर्धे उमललेले हिरवे-पिंगट कदंब बघून, पाणथळीतल्या कंदलीचे पहिले कळे खाऊन, आणि मातीचा वास हुंगून. कदंबावर कोण येतं? भुंगे. कळे कोण खातं? हरणं. मातीचा वास कोण सोंडेने घेतं? हत्ती. एका शब्दात तिघं बसवलेत! भाषांतर करणाऱ्याला मात्र एकाला निवडावं लागतं आणि उरलेले दोघं रानात राहतात.

दुसरं शाकुंतलात. सुरुवातीला नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते आणि सूत्रधार इतका रंगतो की पुढे कुठलं नाटक करायचं तेच विसरतो, मग सावरून म्हणतो: 'तवास्मि गीतरागेण हारिणा प्रसभं हृतः। एष राजेव दुष्यन्तः सारङ्गेणातिरंहसा॥' तुझ्या गाण्याने मला ओढून नेलं, जसं या दुष्यंत राजाला सुसाट धावणाऱ्या सारंगाने. 'हारिणा' मध्ये पण हरीण लपलंय असं कानाला वाटतं.

---

कट्ट्यावरचा

@शब्दवेडी म्हणजे ग्रीष्माचं गाणं, त्यात 'राग' शब्द, पुढच्या ओळीत 'सारंग', आणि सारंग राग उन्हाळी दुपारचा!! मॅडम तुम्ही कोडं सोडवलंत, कालिदासाच्या नटीने सारंग गायला होता. आणि सरहंग बिरहंग काही नाही, सगळं संस्कृतातूनच गेलंय, 'सार' + 'अंग', जहाजाच्या सर्व अंगांचं सार तो सारंग. फारसीवाल्यांनी आपल्याकडून उचललं.

---

मधमाद

थांबा थांबा. कालिदासाच्या वेळी आजच्या अर्थाचा सारंग राग नव्हता, 'गीतराग' म्हणजे तिथे गाण्याची ओढ, रंग. कल्पना झकास आहे, मैफिलीत निवेदन करताना वापरा, लोक वाहवा म्हणतील, पण इतिहास म्हणून नको.

---

शब्दवेडी

आणि 'सर्व अंगांचं सार' हे तर असं आहे की उद्या कोणी सांगेल कर्नल म्हणजे 'कर्ण + नल'. सर हा फारसी 'डोकं' आणि आपलं 'शिर' हे दूरचे भाऊ आहेत एवढं नक्की म्हणा, पण म्हणून सरहंग पुण्यात जन्मला असं नाही होत.

उलट एक तिसरा शब्द राहिलाय तो सांगते. शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग, शिंगाचं बनवलेलं ते शार्ङ्ग, विष्णूच्या धनुष्याचं नाव. ते धरणारा शार्ङ्गधर, हातात असलेला शार्ङ्गपाणी. आता हे 'शार्ङ्ग' एका श्वासात म्हणून बघा, र आणि ङ आणि ग. लोकांनी मधे अ घातला आणि शारंग झालं, पुढे श चा स झाला आणि सारंगधर, सारंगपाणी. कुंभकोणमचं सारंगपाणी मंदिर ते हेच, मेहकरचे शारंगधर बालाजी पण हेच. तर विष्णूचं नाव म्हणून कोणी सारंग ठेवत असेल तर तो हरणाचा सारंग नाही, शिंगाचा आहे. बोलताना फरक राहिला नाही एवढंच.

---

मेहकरकर

आमच्या बालाजीचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, दोन वर्षांनी! मूर्ती काळ्या पाषाणाची, मान वर करून बघावी लागते एवढी उंच, आणि ती जमिनीखाली सापडली. आमच्या गल्लीत शारंगधर नावाचे तीन जण आहेत, तिघांनाही शारू म्हणतात. मुलाचं टोपणनाव आत्ताच ठरवा नाहीतर लोक ठरवतील.

ता. क. संगीत रत्नाकर लिहिणारा शार्ङ्गदेव पण याच शब्दाचा ना? तो आपल्या देवगिरीचाच, यादवांच्या सिंघणाच्या पदरी.

---

मधमाद

हो, तोच. १३वं शतक. घराणं मूळचं काश्मीरचं, आजोबा इकडे आले. आणि हा माणूस दरबारात श्रीकरणाधिप होता म्हणजे हिशेबखात्याचा मुख्य, जमाखर्च सांभाळून हिंदुस्थानातल्या संगीताचा एवढा ग्रंथ लिहिला ज्याला आज उत्तरेचे आणि दक्षिणेचे दोघेही आपला मानतात. अकाउंट्सवाल्यांना रटाळ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी (मी अकाउंट्समध्ये आहे). पण मजा अशी की संगीतातल्या या सगळ्यात मोठ्या शार्ङ्गाचा सारंग रागाशी नावाचं नातं नाही!

---

के_ड्रामा_वहिनी

कोरियनचं मी सांगते. 'सारांग' म्हणजे प्रेम हे बरोबर, 'सारांघे' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे, ते सोळाव्या भागाच्या आधी कोणी म्हणत नाही. आपल्या सारंगाशी काही संबंध नाही, योगायोग. तिकडे खाली मलय भाषेत 'सारांग' म्हणजे घरटं, पक्ष्याचं. तोही योगायोगच. पण मुलगा मोठा होऊन कोरियन कंपनीत लागला आणि मीटिंगमध्ये 'हॅलो, मी सारंग' म्हणाला तर चेहरे बघायला मला बोलवा.

---

दुपारी_झोपणारा

बापरे. मी जेवून येईपर्यंत एवढं झालं.

म्हणजे हिशेब असा लागतो का: ठिपक्यांचा सारंग (हरीण, मोर वगैरे सगळे), शिंगाच्या धनुष्याचा सारंग, बोटीवरचा सारंग, आणि कोरियन/मलयवाले बाहेरचे पाहुणे. मेव्हण्याच्या हेलिकॉप्टरचं काय?

---

शब्दवेडी

ते ठिपक्यांच्या घरातलंच. हवाई दलाची 'सारंग' टीम, ध्रुव हेलिकॉप्टरं, लाल रंगावर मोर रंगवलेला. सारंग म्हणजे मोर म्हणूनच ठेवलंय.

आणि मोरावरून तो दोहा कोणीच कसा टाकला नाही अजून:

सारंग ने सारंग गह्यो, सारंग बोल्यो आय।
जो सारंग सारंग कहे, सारंग मुख ते जाय॥

मोराने साप पकडला, तेवढ्यात ढग गरजला. आता ढग ऐकून मोर केका करायला गेला तर चोचीतला साप निसटणार. बिचाऱ्याची पंचाईत बघा, जेवावं की गावं.

---

खाडीपलीकडे

आमच्यात याला उत्तर सोपं आहे, आधी जेवायचं. आणि जेवणावरून, अहो सरंगा विसरलात की! पापलेटला आमच्याकडे सरंगा म्हणतात, मालवणात सरंगो. तो कुठल्या घरातला ते विचारू नका, तो ताटातला.

---

कट्ट्यावरचा

सॉरी 'सार + अंग' मागे घेतो. पण एक विचारतो, आजोबांचा आक्षेप आडनावावर आहे ना, मग दर्यासारंग ठेवलं तर?

---

दुपारी_झोपणारा

शेवटचं अपडेट देतो, मग तुम्ही चालू ठेवा.

वरचं सगळं आजोबांना वाचून दाखवलं, म्हणजे ओरडून. हत्ती, भुंगे, कालिदास, काही नाही, ढिम्म. शार्ङ्गपाणीला नुसती मान हलवली. सरहंग, खलाशी, टंडेल, ओटीवर बसून नोकरी मागायची, हे आलं तसे मात्र सरळ होऊन बसले, आणि मग जे आईलाही माहीत नव्हतं ते निघालं. त्यांचे वडील म्हणजे माझे पणजोबा तरुणपणी बोटीवर जायला निघाले होते, मुंबईपर्यंत पोचलेही, पण गावच्या सारंगाने ऐनवेळी नाव कापलं आणि स्वतःच्या पुतण्याला घेतलं. पणजोबा परत आले आणि आयुष्यभर कलमांची बाग केली. त्या घराशी पुढे तीस वर्षं बोलणं नव्हतं, लग्नकार्यात पण नाही. म्हणजे आडनावाचा वगैरे बहाणा होता, आतला राग हा होता (हा राग मधमादवाला नाही).

मी म्हटलं मग नको ठेवायला, दुसरं बघू. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते सोडा. आजोबा बराच वेळ गप्प. मग बाळाकडे बघून म्हणाले, "ऱ्हवांदे. आता सारंग आमच्या घरात इलो, बघूया कोणाचा नाव कापता तो."

रविवारी बारसं. सरंगो मिळाला तर बघतो, पण सासरचे शाकाहारी आहेत.